वर्गातलं मधलं पद

भोरच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात अजरा जुन्या प्रश्नपत्रिका काढायला उभी होती आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. मशीनमधून एकच संच बाहेर पडला होता. तिनं तो उचलला, तसा शेजारचा उंच मुलगा चाचरत म्हणाला, "तो... माझा होता."

"आधी मी सांगितलं होतं," अजरा म्हणाली.

वीज काही येईना. शेवटी दोघं स्टँडच्या बाकावर तो संच मधे ठेवून बसली. तो सारोळ्याचा फरदीन, टेम्पोवाल्या अय्युबभाईंचा मुलगा. दोघांचाही डिप्लोमा एकाच ठिकाणी अडकलेला, गणितात; बाकी सगळे विषय सुटले होते. अजराचा विषय एकदाच राहिला होता. फरदीनचा मात्र इतक्यांदा, की ही त्याची शेवटची संधी होती. त्यानं ते हसत सांगितलं, म्हणून तिला तेवढं गंभीर वाटलं नाही.

पहिलंच उदाहरण कॉम्प्लेक्स नंबरचं होतं. रूट तीन अधिक रूट दोन आय, याचा वर्ग करायचा होता. अजरानं झटकन दोन्ही पदांचे वेगवेगळे वर्ग केले. पहिल्याचा तीन. आयचा वर्ग उणे एक, म्हणून दुसऱ्याचा उणे दोन. उत्तर एक.

फरदीननं कागद स्वतःकडं ओढला. "तीन बरोबर, उणे दोन बी बरोबर. पण मधलं कुठं गेलं?"

"मधलं कुठलं?"

"दोघांचा गुणाकार, दोनदा. दोन रूट सहा आय. म्हंजे उत्तर एक अधिक दोन रूट सहा आय." मग तिच्याकडं न बघता तो हळूच म्हणाला, "दोघं एका कंसात आली, की नुसती आपापली राहत न्हाईत."

"हे पुस्तकात हाय?"

"न्हाई... आत्ताच सुचलं."

अजरानं ओढणी सावरत मान फिरवली, पण हसू काही लपलं नाही.

त्यानंतर बाक ठरून गेला. संध्याकाळ झाली की तो यायचा, कानामागं पेन्सिल खोचलेली. तो शिकवायला लागला की कसली घाई नसायची, तिचं चुकलं तरी आवाज चढायचा नाही. अजराला वर्ग करणं केव्हाच जमलं होतं. तरी ती मुद्दाम मधलं पद गाळायची... तो कागद ओढून घेताना त्याचा हात तिच्या हाताला निसटता लागायचा म्हणून. 'तुमी'चं 'तू' केव्हा झालं, कळलंही नाही.

परीक्षेत तसंच उदाहरण आलं. अजरानं ते सोडवलं आणि आनंदानं शेजारच्या रांगेत पाहिलं. फरदीन पेन हातात धरून बसला होता. कपाळावर घाम. पुढ्यातलं पान कोरं होतं. तिनं घड्याळाकडं पाहिलं, परत त्याच्याकडं. पान कोरंच. तिला उत्तर येत होतं, त्यालाही येत होतं, आणि तिला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. वेळ संपल्यावर त्यानं पेपर दिला आणि मागं न बघता निघून गेला.

निकालात अजरा पास झाली. पुण्यात डिग्रीला प्रवेश मिळाला, अम्मीनं गल्लीभर पेढे वाटले. फरदीन फोन उचलेना. शेवटी पुण्याला जायच्या दिवशी ती बॅग घेऊन आधी सारोळ्याला उतरली. नीरेच्या पुलाजवळ तो टेम्पोत टोमॅटोचे क्रेट चढवत होता. भुरभुर पाऊस पडत होता. तिला पाहून त्यानं शर्टाला हात पुसले.

"दिसत होतं गं," तिनं काही विचारायच्या आत तो म्हणाला. "सगळं समोर दिसत होतं. हातच हलला न्हाई. दर बारीला असंच हुतं. तुला शिकवताना वाटलं, अवंदा हुणार न्हाई..."

अजरानं बॅग खाली ठेवली. "मला तू आवडतोस, फरदीन. मी न्हाई जात पुण्याला. हितंच काहीतरी बघीन."

त्याच्या पापण्यांवर पाणी साचलं होतं, पावसाचं की कसलं, कळत नव्हतं.

"मलाबी तू आवडतीस," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासनं. पण तू माझ्यापायी थांबलीस, तर तुला बघून मी रोज नापास हुईन. तेवढं नको करूस."

तिनं समजावलं, रडली, रागावलीसुद्धा. त्यानं ऐकलं सगळं, आणि पुण्याची एसटी आली तेव्हा तिची बॅग स्वतः वर चढवली. गाडी हलली. खिडकीखाली उभा राहून तो काहीतरी बोलला, पण हायवेवरच्या ट्रकच्या आवाजात ते विरून गेलं. ऐकल्यासारखी तिनं मान हलवली.

गाव मागं पडल्यावर तिनं मेसेज केला... 'काय म्हणालास?' लगेच निळ्या खुणा उमटल्या. तो लिहितोय असं दिसलं. मग थांबलं. परत दिसलं, परत थांबलं.

कात्रजच्या बोगद्यात रेंज गेली. बाहेर आल्यावर ऊन पडलं होतं. मोबाईलवर काहीही आलेलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदाच चाललीस का बाळ पुण्याला? अजरानं ओढणीत तोंड लपवलं आणि नुसती 'हो' म्हणाली.