घरगाडीला ताप आला

गळ्याची शपथ, डोळ्यांची शपथ, गेल्या महिन्यात बसवलेल्या कवळीची शपथ... ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! जिला पटणार नसेल तिने आत्ताच उठून भांडी घासायला जावं.

तर हेमलता. साल अडुसष्ट. दिल्लीच्या लोदी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टरात राहणारी, केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची... आणि मिलिटरीच्या लिलावातून चक्क एक जुनी ॲम्ब्युलन्स घरी घेऊन आलेली! स्ट्रेचरच्या जागी दोन पलंग, खिडक्यांना छापील पडदे, कोपऱ्यात स्टोव्ह, टपावर पाण्याची टाकी. घरगाडीच म्हणा ना. फक्त बाजूचा लाल क्रॉस तीनदा रंग फासूनही मिटेना. चौकात थांबली की कोणी ना कोणी जवळ येऊन जीभ काढून दाखवायचंच.

वडील नव्हते. घरात शब्द चालायचा भाऊसाहेब काकांचा, आणि काकांनी साताऱ्याचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. मुलाची अट एकच, बायकोने गाडीबिडी चालवायची नाही.

"मग बायकोच नको म्हणावं त्याला," हेमलता म्हणाली.

काका भडकले. "असं? शनिवारी दमदमा तलावावर तंबू टाकतोय मी. तुझं ते खटारं सूर्य मावळायच्या आत तिथे आलं, कुणी दोरी लावून न ओढता, तर साताऱ्याला नकार कळवतो. नाही आलं, तर सोमवारी मुकाट्याने हो म्हणायचं."

"मंजूर!"

शनिवारी काका आपल्या मोटारीने सकाळीच पुढे गेले. मागून हेमलता निघाली चंद्रप्रभा आत्याला घेऊन. गुडगाव गेलं, भोंडसी गेलं... आणि एप्रिलच्या भर दुपारी घरगाडीने दोन आचके दिले आणि गप्प बसली.

हेमलताने पदर खोचला, बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. तेवढ्यात पाठीमागे सायकलची घंटी.

"मरीज कहाँ है?"

घामाने निथळणारा, भुवयांपर्यंत धूळ बसलेला एक तरुण. कॅरिअरला बर्फाचा डबा बांधलेला. क्रॉस बघून पॅडल मारत आला होता बिचारा.

"बोनट के नीचे," हेमलता म्हणाली.

तो खरंच वाकून बघायला लागला. मग हसला... असा, की हेमलताला हातातला पाना उगाचच पुसावासा वाटला.

"कोण मेलं आलंय गं?" आत्याने पडदा सारून विचारलं.

"मेलो नाहीये अजून, आत्या," तो मराठीत म्हणाला. "पण ही धूप बघता... होऊन जाईल."

गुणवंत साळवे त्याचं नाव. गावोगाव फिरून देवीची लस टोचायचा. आजोबा नगरचे, स्वतःचा जन्म दिल्लीतल्याच तीस हजारीचा. "रविवारी चर्च, बाकी सहा दिवस सायकल," असं त्यानेच सांगून टाकलं. आत्याने त्याच्याकडे जरा बघितलं. मग आतली छत्री काढून दिली. "बरं बरं. ही धर तिच्या डोक्यावर."

"झालंय काय हिला?" छत्री धरत त्याने विचारलं.

"पेट्रोलचा पंप तापलाय. आतच वाफ होतेय, इंजिनला पेट्रोल पोचत नाही. आपोआप गार व्हायला संध्याकाळ होईल..." हेमलताचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आणि संध्याकाळ झाली की मी साताऱ्याची." तिने त्याला पैज सांगितली.

"म्हणजे तापच आलाय की!" आत्या म्हणाली. "मग बघत काय उभे राहिलात? घड्या ठेवा!"

गुणवंतने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि अगदी अदबीने पंपाकडे न्यायला लागला.

"अहो, हे काय?"

"आत्याच बोलल्या ना... घडी ठेवा." तो गोंधळला. "एकच आहे माझ्याकडे. चलेगा?"

हेमलता हसता हसता मडगार्डवर बसली. चटका बसला तरी हसतच राहिली. "घड्या म्हणजे ओल्या कापडाच्या, हो! ताप आला की कपाळावर नाही का..." आणि ती एकदम थांबली. त्याच्या सायकलकडे बघत.

"लस संपली आज," तो हळूच म्हणाला. "बर्फ उरलाय."

आत्याच्या कोऱ्या टॉवेलच्या चिंध्या झाल्या. पंपाला ओली पट्टी, वर बर्फाचं पाणी... आणि पाव तासात घरगाडी गुरगुरली!

पण पट्टी वाळली की पुन्हा तेच. मग काय, सायकल टपावर चढली, बॉनेटची बाजू उघडी ठेवली आणि गुणवंत मांडी ठोकून मडगार्डवर बसला. एका हाताने गाडीचा पुढचा दिवा घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताने पंपावर तांब्यातली धार.

"डावीकडे खड्डा आहे!" तो ओरडला.

"दिसतोय!"

"आणि मी?"

"तुमच्यामुळेच खड्डा दिसत नव्हता!"

सोहन्यात दुसऱ्यांदा बंद पडली. क्रॉस बघून चौदा माणसं नाडी दाखवायला आली. आत्याने चौदाही जणांना आलेपाकाची एकेक वडी देऊन बरं केलं. तोवर पट्टी बदलली, गाडी निघाली.

तिसऱ्यांदा बंद पडली ती तलाव समोर दिसत असताना. सूर्य टेकडीला टेकायला आलेला. हेमलता उतरली, गुणवंत उतरला. पट्टी ओली होती, पंप गार होता. कारण काही कळेना.

आणि गंमत म्हणजे... दोघांपैकी कुणीच कारण शोधेना.

"पोचलो की मला उतरवून देणार?" तांब्याकडे बघत त्याने विचारलं.

"उतरायचंय?"

"सच बोलू?... नाही."

"काका आधी आडनाव विचारतील. मग ओरडतील."

"ओरडू देत. मी रोज दोनशे पोरांना सुई टोचतो, ओरडण्याची सवय आहे. तुम्ही... तुम्ही काय म्हणाल, तेवढं सांगा."

हेमलताने त्याच्या हातातला तांब्या घेतला, उरलेलं गार पाणी त्याच्या धुळकट कपाळावर ओतलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. "चढा लवकर. सूर्य थांबणार नाही."

बांधावर काका उभे होते. नखाएवढा सूर्य शिल्लक असताना घरगाडी त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"पोचले, काका."

काकांनी मडगार्डवरचा भिजलेला माणूस बघितला. "ह्याची मदत घेतलीस! माणूस लागलाच ना शेवटी?"

"लागला. आता ठेवूनही घेणार आहे."

"कोण, कुठला, आडनाव तरी विचारलंस का?"

"विचारलं, काका. आवडलं मला."

काकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी आत्या खाली उतरली. "दोरी लावायची नाही, एवढीच अट होती, भाऊ. दोरी दिसतेय का कुठे? साताऱ्याला तार कर."

पुढच्या हिवाळ्यात लग्न झालं. काका अक्षता टाकायला आले नाहीत, जेवायला मात्र आले.

आता एवढं मान्य करते, एक गोष्ट मी रचली. तिसऱ्यांदा गाडी बंद पडलीच नव्हती. अगदी ठणठणीत होती. सूर्य बुडायला जेमतेम दहा मिनिटं उरलेली असताना, सगळी पैज पणाला लावून, हेमलतानेच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं होतं.