शब्दावरची चांदणी

डिमेन्शियात माणूस नंतर शिकलेली भाषा आधी विसरतो, हे आम्हाला कोर्समध्येच शिकवलं होतं. त्यामुळे नव्वदीच्या मिसेस डेकर इंग्रजी सोडून डचवर आल्या, तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. मी कार्डं बनवली. इथे परदेशात, वेरिबीच्या आमच्या वृद्धाश्रमात ही पद्धतच आहे. पाणी, दुखतंय, लेक, असे शब्द त्यांच्या भाषेत लिहायचे आणि दाखवायचे.

'लेक'च्या कार्डावर 'डोख्टर'. त्या मला तशीच हाक मारायच्या. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? घरी माझी सात वर्षांची लेक कादंबरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देते. मला 'मम' म्हणते. तिने एकदा तरी 'आई' म्हणावं म्हणून जीव तुटतो माझा.

एप्रिलमध्ये त्या 'डोहतर' म्हणायला लागल्या. मी कवळी तपासली, नीट बसली होती. मग 'दुहतर'. ब्रेकमध्ये फोनवर व्युत्पत्तीचा शब्दकोश उघडला. आजचं डच, जुनं डच, त्याहून जुनं, बाजूला आपलं संस्कृत 'दुहिता'. सगळ्यांच्या वर एक शब्द, त्याला चांदणीची खूण. खाली खुलासा होता की चांदणीचा शब्द कुठेच लिहिलेला सापडलेला नाही, तो विद्वानांचा अंदाज आहे. मला तो वाचताही येईना.

मंगळवारी चहा पाजताना मिसेस डेकर तो शब्द बोलल्या. मधलं अक्षर खोल घशातून. ऐकल्यावरच मला ते स्पेलिंग उलगडलं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" गोंधळून मी मराठीतच विचारलं. त्यांनी बोटांची उलटी बाजू माझ्या गालावरून दोनदा फिरवली. अडीचला त्या गेल्या.

साडेतीनला कादंबरीला शाळेतून घेतलं.

"डबा खाल्लास का गं?"

ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती.

"बरं, इंग्रजीत सांग. चालेल."

मागच्या सीटवरून तिचा हात पुढे आला. बोटांची उलटी बाजू, दोनदा. मग तिने मला हाक मारली.

आई नाही. मम नाही.

लेकीचा तो चांदणीचा शब्द. मधलं अक्षर घशातून.

आज आठ दिवस झाले. सकाळी तिच्या टीचरचा फोन आला. ती इंग्रजी अजिबात बोलत नाही, तुम्ही घरी कुठली भाषा बोलता, असं विचारत होत्या. मी मराठी म्हणाले. कादंबरी माझ्या मागे खुर्चीवर उभी राहून माझी वेणी घालत होती.