पाइपातली नाडी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण प्रतिक्षा माझी मावसबहीण आहे, आणि असलं काही रचून सांगायची अक्कल तिला नाही. हे घडलंय. गेल्या वर्षी, शिमगा नुकताच उरकला होता तेव्हा. पेणला तिच्या घरी आणि रोह्याला तिच्या कामावर.

काम तसं साधं होतं. रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात ते सांगणारं नवं यंत्र आलं होतं. ते खरं बोलतं का, एवढंच तपासायचं. धाटावच्या कारखान्यांतले कामगार शिफ्ट सुटली की रोह्याच्या हॉलवर यायचे. पडद्याच्या एका बाजूला तिच्यासोबत काम करणारा हर्षद जुन्या यंत्रावर मोजायचा, दुसऱ्या बाजूला प्रतिक्षा नव्यावर. एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत.

रोज सकाळी आधी एक चाचणी असे. यंत्राचे पट्टे प्लास्टिकच्या पाइपाला गुंडाळायचे. पाइपाला कुठली आलीय नाडी? यंत्राने गप्प बसायचं.

यंत्र बाहेर न्यायला सक्त मनाई होती. तरी एका शनिवारी तिने ते पेणला घरी नेलं. वडिलांसाठी. गुणाजीकाकांचा जन्म मिठागरात गेला. ब्लडप्रेशर वाढलेलं, आणि दवाखान्याचं नाव काढलं की हा माणूस घरातून गायब. मावशी गेल्यापासून प्रतिक्षाला तेवढेच होते.

दंडाला पट्टा, घोट्याला पट्टा. काकांची नाडी जरा लंगडी होती. दोन ठोके, मग थांबून तिसरा.

मोजणी अर्ध्यावर आली...

आणि लाइट गेली. यंत्र बंद.

"काढ गो ता आता. हात आवळलाय," काका म्हणाले.

तिने पट्टे सोडले. पुन्हा मोजायचं राहूनच गेलं.

सोमवारी हॉलवर तिने पट्टे पाइपाला गुंडाळले.

टक... टक... ... टक.

तिने पट्टे काढून पुन्हा बांधले. तेच.

"आत जुनं काहीतरी साठलं असेल," हर्षद म्हणाला. यंत्रवाल्या कंपनीचा माणूस आला, आतलं सगळं पुसून गेला. यापुढे काम संपलं की यंत्र कुलपात, असं ठरलं. मग हर्षदने आपल्या जुन्या यंत्राचे पट्टे त्या पाइपाला बांधले.

टक... टक... ... टक.

हर्षदने तो पाइप उजेडात धरून आरपार बघितला.

कामगारांवर यंत्र अगदी चोख चालत होतं. फक्त पाइपातली ती नाडी रोज थोडी मंद होत होती...

प्रतिक्षाने हातापाया पडून काकांना पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, प्रेशर सोडलं तर ठणठणीत आहेत म्हणाले. मग तिने काकांना रोह्याला चला म्हणून विनवलं. अर्धी राहिलेली मोजणी पुरी करू.

"मीठ ओढायचा सोडून रोह्याला येऊ व्हय? तुजा डोका फिरलाय बाय."

ती काय करणार होती? रोज सकाळी पट्टे बांधायचे आणि ऐकायचं.

एके दिवशी तिने पट्टे बांधले...

काहीच नाही.

"सुटलो," हर्षद म्हणाला. "सुधारलं एकदाचं."

प्रतिक्षा रडत होती. "मला पेणला सोड," एवढंच तिला बोलता आलं. हर्षदने गाडी काढली. नागोठण्यापर्यंत ती फोन लावत होती. कोणी उचलला नाही.

मिठागराच्या बांधावर ती धावत गेली...

काका उभे होते. मीठ ओढत होते.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने त्यांचा हात घट्ट धरला. हात गार होता. सवयीने तिची बोटं मनगटावर गेली.

तिने शोधलं. मग मानेवर शोधलं. मग छातीला कान लावला.

आत काहीच नव्हतं.

"काय झाला गो?" काका वरून म्हणाले. "जेवलीस का नाय?"

काका आजही मिठागरावर जातात. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला अजून नीट झोप लागलेली नाही.

प्रतिक्षा त्यांना डॉक्टरांकडे नेत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर नाडी बघणार. त्यांना ती मिळणार नाही..."

"आणि मग बाबांना कळेल."