पाठीला पाठ

कास्तर देवाची शपथ, क्वार्ता पोरी, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं बोलत असेन तर उरलेले तीन दातही आत्ताच्या आत्ता पडोत. तू आपली तेल चोळत राहा. हात थांबवू नकोस.

आपल्या ऑस्तिया बंदरात, धान्याच्या कोठारांमागे, जुनं न्हाणीघर होतं. सकाळ बायकांची, दुपार पुरुषांची. मी तिथे बायकांचे कपडे सांभाळायला होते. भिंतीत कोनाडे, एकेकीला एकेक. कपडे उतरले की सगळ्या सारख्या, असं म्हणतात ना? साफ चूक. तिथे पाठ बोलते.

चिमणीची पाठ तर ओरडायची. खरं नाव राहू दे, सगळ्या तिला चिमणीच म्हणायच्या. लहानपणी ती दूरगावी गुलाम होती, मालकिणीनं चाबकानं नऊ वळ उठवलेले. मोकळी झाली, इथे आली, आणि आपण जन्मापासून स्वतंत्र असं सांगून एका दोरखंडवाल्याच्या मुलाशी लग्न जमवून बसली.

हात का थांबला? दोरखंडवाले काय गावात आपलं एकच घर होतं?

तर होणारी सासू म्हणाली, "चार दिवसांनी दोघी न्हायला जाऊ. सुनेची पाठ मी स्वतः घासणार."

चिमणी माझ्यापाशी येऊन रडली. "तिनं वळ बघितले की संपलं गं सगळं."

"मग आजारी पड," मी म्हटलं.

"बघेल कधीतरी!"

आता वाफेच्या खोलीतली रीत ऐक. वाफेत स्वतःचा हात दिसत नाही. अंगाला तेल लावून आपण बसायचं, जी शेजारी असेल ती पितळी खरवडणीनं पाठीवरचा मळ काढते. मग आपण तिची पाठ घासायची. पाठीला पाठ. ते केल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

चिमणी कुणाला पाठ दाखवते कसली! पार कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसायची. त्या दिवशी बाहेर आली ती पांढरीफटक. "कुणीतरी माझी पाठ घासली."

"मग?"

"मागे भिंत होती गं."

मी पाठ बघितली. नऊपैकी सहाच वळ उरले होते. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी पाठ कोरी. चिमणी नाचत बाहेर आली. मी विचारलं, "तिची पाठ घासलीस ना?"

"कुणाची? भिंतीची?" म्हणाली आणि खिदळत पळाली.

चौथ्या दिवशी सासूनं घासघासून बघितलं. "लोणी आहे गं पाठ," म्हणाली. दोघी बाहेर आल्या. सासू कपडे घालून दाराशी गेली. चिमणीनं कपड्यांना हात घातला आणि थांबली.

"हाक मारली कुणी?"

बाकी सगळे कोनाडे रिकामे होते. आत कुणी नव्हतं. तरी वाफेतून आवाज आला, अगदी साधा, शेजारणीसारखा.

"आता माझी."

चिमणीनं माझ्याकडे बघितलं. रीत ती रीत. तिनं खरवडणी घेतली. "आलेच हं, सासूबाई."

पुरुषांची घंटा झाली. दाराशी सासू ओरडली, "अगं, लग्न काय वाफेत लावायचंय?"

मग ती आली.

कोरडी. कपाळावर घामाचा थेंब नाही.

चुकीच्या कोनाड्यापुढे जाऊन उभी राहिली. मीच कपडे हातात दिले. तिनं ते हुंगले.

सासूनं हात धरला. "बाई, किती गार हात!" आणि घेऊन गेली.

मी आत गेले. बाक रिकामा. खरवडणी खाली पडलेली. कोपऱ्यातल्या भिंतीवर नऊ वळ.

बोट लावलं. भिंत शहारली.

संपली गोष्ट. बरं बाई, रडू नकोस, एक गोष्ट मी पदरची घातली. कपडे सांभाळायला मी नव्हते. ती नोनिया होती, मरेपर्यंत येईल त्याला हेच सांगायची.

इतकी वर्षं ही पाठ चोळतेस, लागला कधी एखादा वळ हाताला? आणि या उन्हात तू घामानं निथळतेयस. मला आलाय एक तरी थेंब?

आण ते तेल. फीर तिकडे.

आता तुझी.