प्रुइटच्या मागची रांग

दिव्याची वात जरा वर करा, म्हणजे सांगतो.

त्या संध्याकाळी मी ओढ्यावर पाणी आणायला गेलो होतो, बाकी काही नाही. टेनेसीतली थंडी, पाण्यावर उतरू लागलेलं धुकं आणि पायात चावणारे बूट. बूट माझे नव्हते, लेव्हाय कॉबचे होते. आदल्या आठवड्यात लेव्हाय मक्याच्या शेतात पडला आणि त्याला पुरण्याआधी मी ते काढून घेतले. आमच्या कंपनीत सगळ्यांनी तेच केलं. सरकार नवे बूट देत नव्हतं, आणि मेलेल्याला चालायचं कुठे होतं? आमची माणसं आम्ही अनवाणीच पुरली.

ती आमची पहिली लढाई. उत्तर-दक्षिणेची यादवी पेटून वर्षही झालं नव्हतं आणि आम्ही उत्तरेच्या बाजूची, इलिनॉयची पोरं, नांगर सोडून बंदूक धरलेली. लेफ्टनंट थॅक्स्टननं आम्हाला त्या उघड्या शेतातून शत्रूच्या तोफांवर सोडलं आणि स्वतः झाडामागून तलवार हलवत राहिला. उंटावरून शेळ्या हाकणारा लेकाचा! कप्तानही त्यातच गेला. आता नवा कप्तान कंपनीनंच निवडायचा होता, तशी रीतच होती तेव्हा. उमेदवार पुढे उभे राहायचे आणि ज्याला जो हवा त्यानं त्याच्यामागे रांगेत लागायचं. ज्याची रांग लांब, तो कप्तान.

थॅक्स्टन कर्नलचा भाचा. त्याच्या विरोधात आमचा सार्जंट ॲन्सेल प्रुइट, गावाकडे खेचरांचा व्यापारी, फाटक्या तोंडाचा. त्या शेतात "आडवे व्हा, गाढवांनो!" असं ओरडून त्यानंच उरलेल्यांना वाचवलं होतं. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी कर्नलला पुन्हा तेच शेत ओलांडायचं होतं. थॅक्स्टन कप्तान झाला असता तर आम्ही मेलोच होतो.

ओढ्यावर आमचीच माणसं कुऱ्हाडी घेऊन निघालेली दिसली.

"कुठं रे? निवडणूक आहे ना आत्ता?"

"कर्नलचा हुकूम. लाकडं तोडा म्हणे," त्यांतला ओरिन थुंकला. "जे हजर त्यांचंच मत. बरोबर प्रुइटवाले तेवढे वेचून काढलेत बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बादली तिथेच टाकून मी छावणीकडे धावलो.

मैदानावर धुकं दाटलं होतं. थॅक्स्टनमागे लांब रांग, प्रुइटमागे मूठभर माणसं. मी जाऊन शेवटी उभा राहिलो.

"आलास एनॉक?" प्रुइट म्हणाला. "हरायचंच तर ताठ मानेनं हरू. मोजणी संपेपर्यंत नजर पुढे. मागे वळेल त्याला लाथ घालीन."

आम्ही समोर बघत राहिलो. मग ओल्या, उकरलेल्या मातीचा वास आला. मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं... पण बुटांचा आवाज नव्हता.

कर्नलचा कारकून डॉड खांद्याला हात लावत मोजत आला. माझ्या खांद्याला हात लावला. आता हा परत फिरणार, असं मला वाटलं. तो फिरला नाही. मोजतच मागे गेला. त्याचा आवाज धुक्यात लांब लांब जात राहिला, कापरा झाला, आणि मग ऐकू येईना.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "एनॉक... बूट चावतात का रे?"

लेव्हायचा आवाज. पण मी वळलो नाही.

"थोडे," मी म्हणालो.

"सैल होतील... मलाही चावायचे."

डॉड परतला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "प्रुइट," एवढंच तो बोलला.

"किती मतं?" कर्नल गरजला.

"साहेब... तुम्हीच मोजा."

कर्नल तावातावानं धुक्यात शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तो हात कोटाला पुसत. पुसायचा थांबेचना.

"प्रुइट," तोही म्हणाला.

सकाळी त्यानं पुन्हा हुकूम सोडला: शेतातून चला. प्रुइट घोड्यापुढे जाऊन उभा राहिला.

"त्या शेतात माझी कंपनी पाऊल टाकणार नाही. ओढ्याच्या झाडीतून जाऊ. तोफा हव्यात ना? आणून देतो."

"कुणाच्या जिवावर बोलतोस रे खेचरवाल्या? आहे कोण तुझ्यामागे?"

"साहेब, काल मोजलंत ना?"

कर्नलनं आमच्या डोक्यांवरून पार मागे पाहिलं. मग घोडा वळवला. आम्ही झाडीतून गेलो, आणि तोफा आणल्या.

आता मी म्हातारा झालो. गावात मतदानाला मात्र मी रांगेत शेवटीच उभा राहतो, लोक हसले तर हसोत. परवा तोच थॅक्स्टन न्यायाधीशाच्या जागेला उभा होता; आमच्याकडे न्यायाधीशही मतांनीच निवडतात. वेळ संपत आली होती. माझ्यामागे कुणी नव्हतं, दार मीच लोटून घेतलं होतं. तरी टाचेला कुणाचा तरी अंगठा लागला. उघडा, गार...

"सरक की पुढे," कानाशी आवाज आला.

मी सरकलो. मागे बऱ्याच जणांना आत यायचं होतं.