पडलेला रेझिस्टर

हे माझ्याच बाबतीत घडलंय. कुणाकडून ऐकलं असतं तर मीच हसण्यावारी नेलं असतं. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, हीच माझी नोकरी.

वर्ध्याजवळ, सावंगी (मेघे)च्या पुढे आमची मीटर तपासायची कॅलिब्रेशन लॅब आहे. मागच्या मे महिन्यातली, बुद्ध पौर्णिमेनंतरची संध्याकाळ.

आमच्याकडे ग्राफीनची एक चिप आहे. भयंकर थंडीत, मोठ्या चुंबकात ठेवली की तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एकाच आकड्यावर येतो. वर्ध्यात तोच, जपानात तोच. धातूचे रेझिस्टर मात्र बदलत राहतात. म्हणून ते चिपशी ताडून घ्यायचे, आणि मग त्यांच्यावर लोकांचे मीटर तपासायचे.

मोजताना आत कुणी थांबत नाही. माणसाच्या अंगाच्या उबेनंही आकडा हलतो. दार लावायचं आणि बाहेरच्या स्क्रीनवर बघायचं.

सोबत लॅबमधला सहकारी प्रफुल्ल होता. माझा भाऊ रत्नदीपदादा वायरमन. वडनेरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये शॉक लागून गेला, तेव्हा खांदा द्यायला पहिला प्रफुल्लच धावला. तेव्हापासून मी त्याला घरचाच मानत आले.

त्या दिवशी एक जुना रेझिस्टर चिपशी ताडायला आत लावला होता. आकडा स्थिर होता.

मग... हलायला लागला.

"आत कोणी आहे का रे?"

"कोणी नाई. आपण दोघंबी त बाहेर आहो."

मी काचेतून पाहिलं. खोली रिकामी. चिप थंड ठेवणारा पंप चालू दिसत होता... पण त्याचा आवाज येईना.

आकडा चढतच होता. कुणीतरी रेझिस्टर मुठीत धरून उभं असावं, तसा.

"वायर ढिल्ली असंन. पाहून येतो."

प्रफुल्ल आत गेला. दार लागलं.

आता तर आकडा आणखी हलायला हवा होता. आत जिवंत माणूस होता ना!

आकडा... जागच्या जागी थांबला.

प्रफुल्ल बाहेर आला तो पांढराफटक पडून. मनगट चोळत होता. मी हात लावला. बर्फासारखं गार.

"हात धरला त्यानं," तो म्हणाला. "काऊन केलं, काऊन केलं... एवढंच इचारून राह्यला."

"कोण?"

"रत्नदीप."

आणि मग त्यानं सगळं ओकलं.

हा रेझिस्टर मागे त्याच्या हातून पडला होता. पडलेला रेझिस्टर पुन्हा चिपशी ताडल्याशिवाय वापरायचा नाही, हा आमचा नियम. बोलणी बसतील म्हणून तो गप्प राहिला. त्याच रेझिस्टरवर दादाचा अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत नीट उतरते का ते बघायचा, मीटर तपासून दिला. मीटर खोटं दाखवत राहिला. जिनिंगचं अर्थिंग खराब होतं, दादाला ते चांगलं दिसलं. त्यानं बिनधास्त पॅनलला हात घातला.

"तुले सांगनारच होतो, मेघा..."

"कधी?"

तो पुन्हा मनगट चोळायला लागला.

दादा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हा माणूस माझ्या शेजारी बसून रडला होता. माझ्या आईनं त्याला आग्रह करून वाढलं होतं. नीच!

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना आणि पोलिसांना सगळं सांगितलं. पुढे जे व्हायचं ते झालं. त्या खोलीत काय होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

आता मी कधीकधी नियम मोडून मोजताना आत जाऊन बसते. आकडा हलतो... पण माझ्याच उबेनं.

दादा आला होता. ज्यानं घात केला, त्याचा हात धरून गेला. मी काचेला नाक लावून उभी होते.

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.