दुसरी कॅप्सूल

दुपारची जेवणं आटोपून घर निजलं होतं, आणि ओट्याशी उभी राहून ताई भावाच्या औषधाची बाटली उघडत होती... स्वतःच्याच घरात, चोरासारखी! झाकण फिरवताना हात असा कापला की आतल्या कॅप्सुली खुळखुळल्या, आणि तिनं बाटली पोटाशी धरून कानोसा घेतला. पलीकडच्या खोलीत भावजयीचं घोरणं संथ चालू होतं.

हात कापणं ही या घराची वडिलोपार्जित इस्टेट. दुसरं काही वडिलांनी मागे ठेवलं नव्हतं, पण ही एक गोष्ट दोन्ही मुलांना अगदी सारखी वाटून दिली होती. ताई शिवणकाम करायची. सुईत दोरा ओवता ओवता आता तिचा जीव मेटाकुटीला येई. धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या चिमट्यातून बारीक स्क्रू निसटायला लागले, आणि मग गिऱ्हाईकंही निसटली. इस्पितळात नर्सांचे एप्रन पोचवायला गेलेली असताना ताईनं लिफ्टजवळ लावलेला कागद वाचला होता. हात कापणाऱ्यांसाठी नव्या औषधाची चाचणी आहे, जवळपास राहणारी माणसं हवीत. तिनं तिथूनच भावजयीला फोन केला. धाकटा बायकोला घेऊन वडिलांच्या घरी राहायला आला, तपासण्या झाल्या, दोघांचीही निवड झाली. पण बहिणीशी तो एक अक्षर बोलला नाही.

बोलणार तरी कोणत्या तोंडानं? वडील अंथरुणाला खिळले आणि हा नोकरीचं निमित्त काढून परगावी निघून गेला, तो परतला ते सगळं संपल्यावरच. दारात उभा राहून रडत होता, तेव्हा शोकानं आंधळी झालेली ताई चारचौघांत म्हणाली होती, "ज्याला बापाच्या तोंडात कधी घास घालता आला नाही, त्यानं आता रडू नये." सुटलेला शब्द मागे घेता येत नाही... त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं भावजयीमार्फत चालायचं.

"त्यांना सांग, मीठ इकडे द्या," धाकटा जेवताना म्हणे.

"त्याला सांग, समोरच आहे," ताई म्हणे.

"मी काय पोस्टमन आहे का?" असं म्हणत भावजय मीठ सरकवी.

चाचणीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं की काहींना खरं औषध मिळेल, काहींना दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल, आणि कोणाला काय हे त्यांनाही ठाऊक नसेल. पण ताईला वडिलांचं बोलणं पाठ होतं. लहानपणी काढा पाजताना ते नाक दाबून म्हणायचे, कडू ते औषध, गोड ती लाच. तिनं आधी आपल्या बाटलीतली एक कॅप्सूल मोडून जिभेवर टेकवली. डोळ्यांत पाणी आलं इतकी कडू. मग धाकट्याची मोडली... फिकी, जवळजवळ बेचव! म्हणजे खरं औषध आपल्या वाट्याला, आणि त्या बिचाऱ्याच्या वाट्याला नुसती पूड! त्याच्यापुढे अजून निम्मं आयुष्य आहे, त्याला बायको आहे. आपलं काय, आपण बारीक टाके सोडून लांब टाके घालू. तिनं दोन वाट्या घेतल्या आणि आपल्या कॅप्सुली त्याच्या बाटलीत, त्याच्या आपल्या बाटलीत ओतल्या. झाकण लावताना तिला कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं.

आणि गुण आला! महिना सरत आला तसा धाकट्याचा हात शांत झाला. एका सकाळी त्यानं भिंतीवरचं बंद घड्याळ खाली काढून उघडलं, तेव्हा दाराआडून बघणाऱ्या ताईनं पदर तोंडात धरला. तिचे स्वतःचे हात मात्र बिघडतच गेले. नर्सांचं काम सुटलं. तिनं ते हसतमुखानं सोसलं.

महिन्यानंतरच्या तपासणीला तिघं इस्पितळात गेली. उरलेल्या कॅप्सुली परत घेऊन मोजायच्या, अशी तिथली पद्धत. सिस्टरनं दोन्ही बाटल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"दोघांच्याही दोन-दोन कमी आहेत."

"सांडल्या असतील," ताई म्हणाली.

"दोघांच्याही? आणि बरोबर दोनच?" बाई शांतपणे म्हणाल्या. "हे बघा, औषध जास्त गेलं असेल तर मला कळायला हवं. नाहीतर दोघांचंही थांबवावं लागेल."

दोघांचंही... ताई खुर्चीतून उठली.

"त्याचं थांबवू नका," ती हात जोडून म्हणाली. "त्याला यातलं काही माहीत नाही. मी चव घेऊन बघितली. माझं कडू निघालं, ते त्याला दिलं, त्याचं मी घेतलं. सगळा दोष माझा." मग ती अडखळली. "पण बाई, मी दोन्हीतली एकेकच मोडली होती."

धाकटा खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

"दुसरी मी, ताई," तो म्हणाला.

ताई! तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"मीही आधी माझी चाखली, मग तुझी," तो म्हणाला. "माझीच कडू लागली. म्हटलं, खरं औषध तुला जाऊ दे. तुझ्या पाठीमागे मी बदलून टाकलं."

"अहो, दोन्ही कडूच असतात," डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम तशा करतात. पहिली चाखली की जीभ बधिर होते, दुसरी फिकीच लागणार."

"म्हणजे यांनी तिकडचं इकडे केलं, वन्संनी इकडचं तिकडे," भावजय म्हणाली. "फिरून फिरून भोपळे चौकात. ज्याचं त्यालाच गेलं की."

"मग याचा हात कशानं थांबला?" ताईनं विचारलं.

"औषधानं असेल, आशेनंही असेल. ते मला आज सांगता येणार नाही." बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आणि तुम्ही खरं सांगितलंत, तरी मला हे वर कळवावं लागेल."

इस्पितळाबाहेरच्या बाकावर धाकटा तिच्याजवळ बसला, आणि इतकी वर्षं कोंडलेलं बोलला. "बाबांचा हात बघवत नव्हता मला. तेव्हाच माझा कापायला लागला होता. त्यांच्या हातात मला माझाच दिसायचा... म्हणून पळालो."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू त्या दिवशी जे बोललीस, त्यानंतर काय सांगणार होतो?"

ताई नुसती रडत राहिली.

आठवड्यानं इस्पितळातून फोन आला. दोघांचीही नावं चाचणीतून काढली होती. औषध बंद झाल्यावर धाकट्याचा हात हळूहळू पुन्हा कापू लागला, आणि भिंतीवरचं घड्याळ तसंच उघडं पडून राहिलं.

एका संध्याकाळी जेवताना ताईच्या हातातला चमचा तिसऱ्यांदा वाटीवर आपटला आणि सूप टेबलावर सांडलं. तिनं चमचा खाली ठेवला, भूक नाही म्हणाली. धाकट्यानं बायकोकडे पाहिलं नाही. खुर्ची सरकवून तो बहिणीजवळ आला, चमचा भरला आणि तिच्या ओठांकडे नेऊ लागला. हात कापत होता. निम्मं सूप तिच्या पदरावर गेलं.

"सांडलं गं," तो म्हणाला.

"सांडू दे," ताई म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.